बारा वीसची घडी

ती घटना आठवायची माझी वेळ ठरलेली आहे, सकाळी सव्वानऊ. त्या वेळेला शेअर बाजार उघडतो. माझा त्या बाजारात एक रुपया नाही, कधी नव्हता. तरीही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, अजून सव्वानऊला हातातला चहा तसाच राहतो आणि हिरव्या चौकटींचा एक कागद डोळ्यांपुढे येतो. आज त्या कागदाबद्दल लिहायचं ठरवलं आहे. नाव कोणाचंच घेणार नाही. खटला अजून चालू आहे आणि माझे वकील मित्र मला गप्प बसायचा सल्ला देतील, म्हणून मी त्यांना विचारलेलंच नाही.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं. निवृत्ती जवळ आली की काही अधिकारी सैल पडतात, काही जास्तच ताठ होतात. मी ताठ झालो होतो. हाताखालची मंडळी माझ्यामागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि ते छापण्यासारखं नाही.

सोमवारची सकाळ ठाण्यात गडबडीची असते. सुट्टीत झालेली भांडणं, हरवलेले मोबाईल, शेजाऱ्याच्या पाण्याच्या पाइपवरून आलेले अर्ज, सगळं एकदम अंगावर येतं. अशाच एका सोमवारी ठाणे अंमलदाराने एका वयस्कर गृहस्थांना माझ्यासमोर आणून बसवलं. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुर्ता, बगलेत पुठ्ठ्याची फाईल. हिमरूच्या शालींचे नक्शे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. नक्शा म्हणजे चौकटीच्या कागदावर रंगवलेली वेलबुट्टी. चौकटी मोजून विणकर धागे उचलतो आणि कागदावरचं फूल शालीवर उतरतं. हे काम येणारी माणसं शहरात आता फार उरलेली नाहीत. पुढे ठाण्यात सगळेच त्यांना चाचा म्हणायला लागले, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

चाचांची तक्रार पुंडलिकनगरातल्या एका क्लासबद्दल होती. तिथे इंट्राडे ट्रेडिंग शिकवत, म्हणजे सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी विकायचा धंदा. शिकवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणत. निवृत्त कारकून, शिक्षक, घरी बसून कंटाळलेल्या गृहिणी असे तीस-चाळीस विद्यार्थी. सरांचं एक ॲप होतं. बाजारात नोंद व्हायच्या आधीचे तीन शेअर त्यात मिळतात, मुंबईची एक कंपनी तो बाजार चालवते, खरे लोक तिथे खरी खरेदी-विक्री करतात, असं ते सांगत. सरांची शिकवायची पद्धत मात्र कडक. रोजचा चार्ट प्रत्येकाने ग्राफ पेपरवर हाताने काढून आणायचा. वर भावाच्या कँडल, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या उभ्या खुणा, खाली व्हॉल्यूमचे दांडे. भाव फसवतो, व्हॉल्यूम फसवत नाही, असं ते फळ्यावर लिहून ठेवत.

"साहेब, हा बाजार खरा नाय," चाचा म्हणाले.

"चाचा, खरा बाजार तुम्ही कुठं बघितला?" मी म्हणालो. दारातला शिपाई हसला. चाचा हसले नाहीत.

त्यांनी फाईल उघडली. आतमध्ये पन्नासेक कागद होते, एकेक इतका नेटका की छापल्यासारखा. बाकीचे विद्यार्थी रेघोट्या मारून आणत असतील. चाचांनी प्रत्येक दांडा चौकट मोजून काढला होता, कारण दुसऱ्या कोणत्या रीतीने कागदावर काही काढायचं त्यांना माहीतच नव्हतं.

"हे बघा, इथं भाव एकदम चढला," ते बोट ठेवून म्हणाले. "पण खालचा दांडा जितका व्हता तितकाच. घेणारे वाढले नाय, मग भाव चढवला कोणी? आन हे सगळं लई सुबक हाय साहेब. माणसांची गर्दी इतकी सुबक नसती."

मला त्यातलं काही कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीपुढे अधिकारी जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "लेखी अर्ज द्या, चौकशी करू." पैसे किती गेले ते विचारलं. चाचांनी दार बंद आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. नवरा-बायकोने मक्केला, उमऱ्याला जायचं म्हणून वर्षानुवर्षं जमवलेले पैसे होते. काही दिवस ॲपवर फायदा दिसला. काढायला गेले तर निघेनात.

"बेगमला सांगितलेलं नाय. पोरालाबी नाय. तो वाळूजला कंपनीत कॉम्प्युटरवर हाय. त्याला कळलं तर म्हणल, अब्बा या वयात कशाला."

अर्ज मी चौकशीवर ठेवला. आमच्या भाषेत त्याचा अर्थ कपाटात ठेवला. तिथे तो आठ दिवस पडून होता.

तो बाहेर काढला आमच्या ठाण्यातल्या एका महिला पोलीस नाईकने. कॉम्प्युटरचं सगळं काम तिच्या गळ्यात असायचं. त्याच क्लासबद्दल आणखी दोन तक्रारदार आले, तेव्हा ती चाचांचे कागद घेऊन माझ्याकडे आली.

"साहेब, हे आजोबा बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "भाव आणि व्हॉल्यूम जोडीनं वाचायचं असतं. भाव म्हणजे शेवटचा सौदा कितीला झाला. व्हॉल्यूम म्हणजे तेवढ्या वेळात एकूण माल किती हलला. माल न हलता भाव नुसताच वर गेला, आणि तेही रोज, तर काहीतरी गडबड आहे."

तिने असं सांगितलं आणि मला माझे वडील आठवले. सोयगावच्या बाजारात कापूस घेऊन गेल्यावर ते आधी भाव विचारत नसत. बैलगाड्या मोजत बाजाराला एक फेरी मारत, मग व्यापाऱ्यापुढे जात. गाड्या थोड्या आणि भाव पडलेला असला तर म्हणत, हा खोटा बोलतोय. मी वीस वर्षांचा होईपर्यंत त्यांच्यामागे हिंडलो होतो. चाचा मला तेच सांगत होते आणि मी त्यांची थट्टा केली होती. मला स्वतःचा राग आला, आणि तो मी नेहमीप्रमाणे दुसऱ्यांवर काढला.

गुन्हा दाखल केला. सरांना बोलावलं. माणूस गुळगुळीत होता, वकील सोबत घेऊनच आला. "साहेब, बाजारात जोखीम असते. विद्यार्थ्यांनी तसं लिहून दिलेलं आहे. आकडे मुंबईहून येतात. मी फक्त शिकवतो." मुंबईची कंपनी कागदावर होती, पत्त्यावर नव्हती. पण ती आपल्यालाही फसवून गेली असं तो म्हणू शकत होता. सौदे झालेच नव्हते आणि आकडे इथेच बनत होते, हे सिद्ध करायचं कसं, तेच कळेना.

चाचांना पुन्हा बोलावलं. नाईक त्यांच्यासमोर कागद पसरून म्हणाली, "चाचा, तुम्ही म्हणालात सुबक आहे. सुबक म्हणजे काय, मला दाखवा ना."

चाचा कागदावर वाकले. "बेटी, नक्कल करताना माणूस चौकटी मोजतो. अख्खा कागद बघत नाय." मग त्यांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतला आणि मधोमध उभी घडी घातली. खिडकीशी जाऊन तो उजेडावर धरला.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. पाच-पाच मिनिटांचा एक दांडा धरला तर दिवसाचे पंचाहत्तर दांडे होतात. त्यातला मधला बारा वाजून वीस मिनिटांचा. सकाळी उघडताना आणि दुपारी बंद होताना खरेदी-विक्री जास्त असते, मध्ये ओहोटी असते. त्यामुळे दोन्हीकडे उंच आणि मध्ये खोल, असा आकार खऱ्या चार्टचाही असतो. म्हणून कोणाला शंका आली नव्हती. चाचांनी घडी नेमकी बारा वीसच्या दांड्यावर घातली होती. उजेडात सकाळचे सदतीस दांडे दुपारच्या सदतीस दांड्यांवर पहिल्या नजरेला चौकटीला चौकट बसले.

"आधी अर्धा नक्शा काढायचा, मग पलटवायचा," चाचा म्हणाले. ते स्वतःवरच खूश झाले होते. "शालीचं फूल असंच काढत्यात. अर्ध्या मेहनतीत पुरं फूल."

दुसरा कागद, तिसरा, दहावा. दर दिवसाचे दांडे वेगळे, पण प्रत्येक दिवस मधून दुमडलेला. नाईकने टाळी वाजवली. मी नोकरीत पुरावे पुष्कळ पाहिले, पण इतका स्वच्छ पुरावा पाहिला नव्हता. खऱ्या माणसांची गर्दी दुपारी उठून सकाळचीच नक्कल करत नाही, हे कोणत्याही न्यायाधीशाला खिडकीशी उभं करून दाखवता आलं असतं.

"चाचा, हा एक बसत नाही," नाईक म्हणाली. तीन वीसचा दांडा, शेवटून दुसरा, त्याच्या सकाळच्या जोडीदारापेक्षा एक चौकट बुटका होता. तिने दुसरा कागद पाहिला. "इथंही तोच. रोज तोच एक कमी आहे."

चाचांनी पाहिलं. कागद उजेडावरून खाली आणला, घडी मोडली, हाताने सपाट केला. "गलती असल," म्हणाले. मग पाणी मागितलं. ग्लास अर्धा पिऊन ते उठले आणि फाईल टेबलावर तशीच ठेवून निघून गेले.

चौकशीत बोलणाऱ्या माणसाकडे सगळे लक्ष देतात. मी बोलता बोलता थांबलेल्या माणसाकडे लक्ष द्यायला शिकलो होतो. हातातली कला दाखवताना खुललेला माणूस एका दांड्यावर गप्प होतो, याचं कारण त्या दांड्यात असतं. दुसऱ्या दिवशी चाचा परत आले, रिकाम्या हाताने. म्हणाले, "साहेब, माझा गैरसमज झाला. अर्ज वापस द्या. पैसे गेले तर गेले." मी त्यांना सांगितलं की आता गुन्हा दाखल आहे, अर्ज परत मिळत नसतो. ते मान हलवून गेले. त्यांच्या चालीवरून ते रात्रभर झोपले नसावेत असं वाटलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी खबर मिळाली, आणि ती आमच्या कोणत्या खबऱ्याने दिली नाही. मुकुंदवाडीत डबे पुरवणाऱ्या एक बाई मोबाईल हरवल्याचा दाखला घ्यायला आल्या होत्या. नाईक दाखला टाईप करत होती आणि बाईंचं तोंड चालू होतं. मोबाईलमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर होते, त्याचं दुःख.

"लई सभ्य पोरं हायेत वो, स्टेशनाजवळच्या फ्लॅटातली. चार डबे. पण त्यांचं येळापत्रक मला काय उमगत नाय. शनवार-रविवार डबा नको. बँक चालू असती तवाबी कधी कधी नको. आन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सांजच्याला तासभर आली, मला म्हणली, मावशी, चहा तेवढा द्या. लक्ष्मीपूजनाला कोण कामावर येतं?"

नाईकचे हात थांबले. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर तासाभरासाठी फक्त एक गोष्ट उघडते, आणि ती शेअर बाजार. तिने बाईंना दाखला दिला, फ्लॅटचा पत्ता घेतला आणि माझ्या केबिनमध्ये आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोन पंच घेऊन आम्ही तिथे गेलो. आत चार पोरं, सहा कॉम्प्युटर. फ्लॅटचा भाडेकरार सरांच्या मेहुण्याच्या नावावर होता आणि भाडं सरांच्या खात्यातून जात होतं. तेवढ्यावर सरांनाही त्याच दिवशी अटक झाली. आम्ही आत शिरेपर्यंत एकाने मशिनी बंद करून काहीतरी पुसलं होतं. जप्ती पंचनामा झाला, कॉम्प्युटर सील करून प्रयोगशाळेकडे पाठवायची तयारी झाली. मी पोरांची ओळखपत्रं तपासत होतो. तिसऱ्याच्या ओळखपत्रावरचं वडिलांचं नाव आणि पत्ता मी आधी एका अर्जावर वाचलेला होता.

पोरगा सव्वीस वर्षांचा. घरी वाळूज सांगून रोज मुकुंदवाडीला येत होता. बापाने पोरापासून लपवलं, पोराने बापापासून. क्लासमधल्या विद्यार्थ्यांची नावं या पोरांना दाखवत नसत आणि चाचा तिथे पैसे गुंतवतील असं त्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

कोठडीत बाकीच्या तिघांनी एकमेकांवर ढकललं. आकडे मुंबईहून येतात हे पाठ केलेलं वाक्य तेही म्हणत होते. हा मात्र त्यांच्यात पडत नव्हता. भिंतीकडे पाहत बसायचा. तिसऱ्या दिवशी मी चाचांचे कागद त्याच्यापुढे ठेवले. आम्हाला घडीचं गुपित कळलं आहे, एवढंच त्याला दाखवायचं होतं.

त्याने घडीकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातल्या तारखेवर त्याचं बोट थांबलं.

"ये कागज कहाँ से आये साब?"

"एका तक्रारदाराचे आहेत."

"ये अब्बा के हात का है." त्याने सातचा आकडा दाखवला. त्याच्या मध्ये एक छोटी आडवी रेघ होती. "सात ऐसा अब्बाच निकालते." मग त्याने मान वर केली. "अब्बा ने पैसे डाले थे इसमें?"

मी होकार दिला. कशाचे पैसे होते तेही सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती. पोरगा कोलमडतोय हे दिसत होतं आणि पडणाऱ्याला आणखी एक धक्का द्यायची सवय हाताला होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाईक उठून बाहेर गेली.

नंतर त्याने सगळं सांगितलं. सर रोज फोनवर सांगत, उद्या हा शेअर दुपारी चढवायचा, तो पाडायचा. भावाचे आकडे दुसरा पोरगा भरायचा. व्हॉल्यूम याच्याकडे. तीन शेअरचे रोज सव्वादोनशे आकडे. "सर बोले, सुबह भारी, बीच में हलका, आखिर में भारी. मैं आधा बनाया, आधा पलटाया. बचपन से वोच सीखा साब."

मी तीन वीसच्या दांड्यावर बोट ठेवलं. "मग हा रोज एक चौकट कमी का?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं. "वो घर का निशान है. पलटाई हुई बाजू कौनसी, बुननेवाले को समझना चाहिये, नै तो कागज उलटा पकडता. दादाजान डालते थे, अब्बा डालते हैं. मैं डाला नै साब. हात गया."

आता मला चाचांचं गप्प होणं कळलं. त्या खिडकीशी उभं राहून, आम्ही टाळ्या वाजवत असताना, त्यांनी आपल्या पोराची सही वाचली होती.

यापुढचा भाग मला नीट लिहायचा आहे, कारण यात माझी चूक आहे.

पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. सरांविरुद्ध घडी होती, भाडेकरार होता, बँकेचे व्यवहार होते. तेवढ्यावर तो अडकत होता. पोरगाही त्या फ्लॅटात सापडला होताच. फक्त ते आकडे खास याच्याच हातचे, हे सांगणारा पुरावा नव्हता. कॉम्प्युटरचा प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. दोषारोपपत्राची मुदत जवळ येत होती आणि मला ते भोक नसलेलं हवं होतं. माझं शेवटचं मोठं प्रकरण होतं ते. कोणी विचारलं असतं, साहेब थोडं थांबू या, पुरवणी दोषारोपपत्र नंतर देऊ, तर कायद्याने काही अडत नव्हतं. नाईकने ते विचारलं होतं. मी तिला तिचं काम करायला सांगितलं.

साध्या कपड्यांत, दुपारच्या वेळी मी चाचांच्या घरी गेलो. पोराच्या अटकेचं घरी कळलं होतं. कशात अटक झाली तेही कळलं होतं. पण आपले पैसे त्यातच गेले हे चाचांच्या बेगमना माहीत नव्हतं. त्यांनी मला सरबत दिलं आणि म्हणाल्या, "आमचा पोरगा चोर नाय साहेब. त्याला कोणीतरी फसवलंय." मग पदर सावरत आत गेल्या. चाचा मला माडीवर घेऊन गेले. तिथे त्यांचा बसायचा गालिचा होता, रंगीत पेन्सिलींचा डबा, भिंतीला टेकवलेले जुने नक्शे. मी सहज त्यातल्या एकाच्या उजव्या कडेकडे पाहिलं. शेवटून दुसऱ्या रांगेत एक चौकट कमी होती.

"तुमाला कळलं म्हणा की," चाचा म्हणाले.

मी त्यांना म्हणालो की ही खूण काय आहे आणि ती कोण कोण घालतं, एवढा जबाब द्या.

"मी खरं बोललो तर तो सुटंल?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. ते मी दिलं नाही. "खरं बोलणाऱ्याकडे कोर्ट बघतं चाचा," मी म्हणालो. "खरा चोर तो सर आहे. पोराचं काहीतरी होईल." यातला एकही शब्द मी लिहून दिला नसता. चाचांनी मात्र तो घेतला आणि खिशात ठेवावा तसा जपून ठेवला, ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात आले. नाईकने जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. ही खूण आमच्या घराण्याची असून ती घालणारे आता मी आणि माझा मुलगा असे दोघेच आहोत. इथे ते म्हणाले, "थांबा, बेटी. परत वाचा." तिने परत वाचलं. त्यांनी सही केली. उर्दूत, मग खाली मराठीत, कोणी शंका घेऊ नये म्हणून.

पोराला त्या दिवशी पुढच्या चौकशीसाठी रिमांडवर ठाण्यात आणलं होतं. मी दोघांना पाच मिनिटं भेटू दिलं, मी शेजारी उभा होतो. बाप रागावेल असं वाटलं होतं. चाचांनी त्याच्या कॉलरचं उसवलेलं टोक नीट केलं.

"झूठे माल पे घर का निशान कैकू डाला रे?"

"तुमीच बोले थे ना अब्बा," पोरगा म्हणाला. "निशान नै डाले तो बुननेवाला उलटा पकडता."

चाचांनी मान हलवली, जणू पोराने धड्याचं उत्तर बरोबर दिलं होतं. मग ते वळले आणि भिंतीला हात लावत जिन्यावरून उतरले. मी त्यांच्यामागे गेलो नाही. मला जायला हवं होतं.

सर काही आठवड्यांत जामिनावर बाहेर आला. त्याचा वकील चांगला होता. पोरगा पाच महिने हर्सूलच्या तुरुंगात राहिला. जामीन अर्जाला विरोध करताना सरकारी वकिलांनी बापाचा जबाब मोठ्याने वाचला, कारण प्रकरणातला सर्वांत पक्का कागद तोच होता आणि तो मी मिळवला होता. माझं कौतुक झालं. एका कार्यक्रमात मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते कुठे आहे आता मला माहीत नाही.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. पुसलेल्या सगळ्या फाईली परत मिळाल्या होत्या. कोणत्या मशीनवर, कोणाच्या नावाने, कोणत्या दिवशी कोणते आकडे भरले, त्याची पानंच्या पानं. सरांचे निरोपही होते. पोराने दोनदा काम सोडायचं म्हटलं आणि सरांनी त्याला धमकावलं, तेही त्यात होतं. अहवाल नाईकने माझ्या टेबलावर ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली. पोराला जामीन मिळाला तो याच अहवालावर. त्यात जे होतं त्यापुढे चाचांच्या जबाबात नवीन काहीच नव्हतं. बापाला पोराविरुद्ध सही करायला लावून मी जे मिळवलं, ते थोडं थांबलो असतो तर मशीनने दिलं असतं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला तरुण अधिकारी विचारतात. भाव आणि व्हॉल्यूम कसं वाचायचं ते मी त्यांना सांगतो, वडिलांच्या बैलगाड्यांची गोष्ट सांगतो. ती त्यांना आवडते. पुरावा पुरेसा झाला की तिथे थांबायचं असतं, हे मी त्यांना सांगत नाही, कारण ते सांगताना मला तो जिना दिसतो.

निवृत्त झाल्यावर मी चाचांच्या घरी एकदा गेलो. मनात एकच होतं, जाऊन हे त्यांना सांगायचं. बेगमनी दार उघडलं. चाचा माडीवर एका शालीचा नक्शा काढत होते. अजूनही एक चौकट सुटत नव्हती. पोरगा खाली आतल्या खोलीत होता, एका दुकानात मोबाईल दुरुस्तीचं काम शिकतो म्हणाले. तो बाहेर आला नाही. माझी नजर सवयीने कागदाच्या उजव्या कडेला गेली. शेवटून दुसरी रांग पूर्ण भरलेली होती.

"चाचा, खूण राहिली."

"आता घालत नाय," ते म्हणाले. "मागल्या महिन्यात विणकरानं कागद उलटा धरला. अख्खी शाल उलटी उतरली. गिऱ्हाइकाला काय कळलं नाय, पैसे देऊन गेलं. विणकर लई बोलला मला." त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. "पोरगं कागदाला हात लावत नाय साहेब. मग खूण कोणासाठी घालायची?"

मग त्यांनी माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि परत आलो. जे सांगायला गेलो होतो ते तोंडातून निघालं नाही.

चाचा मराठी चांगलं वाचतात. सकाळी पेपर आणि दुपारी हाताला लागेल ते पुस्तक, असा त्यांचा नेम मला माहीत आहे. म्हणून हे लिहिलं. चाचा, त्या दिवशी तुम्ही खिडकीशी घडी घालून दाखवलीत, तेवढं पुरे होतं. तुमच्या सहीची गरज नव्हती. ती मी मागायला नको होती.